सोळावा ठोकळा

४ नोव्हेंबर

श्रीमत् सकलशिकाऊजनभयहारक, द्वितीयब्रेकधुरंधर, अर्धक्लचतत्त्ववेत्ते, चतुष्पथचक्रवर्ती, उलट्या गिअरचे महामहोपाध्याय, तथा अस्मादिकांच्या धाकट्या मेहुणीचे यावच्चंद्रदिवाकर पती, साडूबुवा यांच्या चरणी, आणि त्यांतल्या लंगडणाऱ्या चरणी विशेषत्वाने, आसनशिल्पाचार्य, चतुष्पादपीठकर्ते, वेत्रविद्याविशारद, उजव्या खुब्यात धातू धारण केल्यामुळे वजनाने व मूल्याने वृद्धिंगत झालेले आपले ज्येष्ठ साडू यांचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द खोडून वाचावा. वाकण्यास मनाई आहे. नमस्कार उभ्याने केलेला आहे.

मी दूरध्वनी का करत नाही, असे आपण मागे विचारले होते. दूरध्वनीवर वरील उपाधी उच्चारून होईपर्यंत समोरचा मनुष्य यंत्र ठेवून देतो, असा अनुभव आहे. म्हणून पत्र.

जून महिन्यात माझा खुबा बदलला गेला, त्यास आता पाच महिने होत आले. शस्त्रक्रियेनंतर आमच्या डॉक्टरबाईंनी तीन आज्ञा दिल्या होत्या. गुडघ्यापेक्षा खालच्या आसनावर बसू नये. कमरेत काटकोनापलीकडे वाकू नये. पायावर पाय टाकू नये. या आज्ञा बहुतेक रुग्ण कागदावर ठेवतात आणि कागद खिशात ठेवतात. परंतु येथे रुग्ण खुर्च्या घडवणारा निघाला. मी सागाचे ठोकळे कापले, प्रत्येकाच्या माथ्यावर पायाच्या मापाची खोबण केली, बुडाशी माझी नेहमीची खूण कोरली, आणि घरातील यच्चयावत आसनमात्र उन्नत केले. जेवणाच्या चार खुर्च्या, पलंग, सोफा, एवढेच काय, शौचकूपाचे आसनही आता अशा उंचीवर आहे की तेथून खिडकीबाहेरचा रस्ता दिसतो. पाहुणे येतात ते न्यायासनावर बसल्यासारखे गंभीर होतात. शेजारचे करसल्लागार तर परवा काही कारण नसताना निकाल दिल्यासारखे बोलून गेले.

आपल्या ताईंची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, मात्र एक अडचण झाली आहे. खुर्चीत बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. रागावताना त्या नकळत पाय हलवतात, आणि त्यामुळे त्यांच्या रागाला पूर्वीचे वजन उरलेले नाही. ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणलेली नाही.

वेदना नाही. काठी सोडली. मोजे चढवण्यासाठी मी एक दांडा तयार केला आहे. त्याने मोजा पायात जातो आणि मनुष्य ताठ राहतो. गेल्या पाच महिन्यांत मी एकदाही वाकलो नाही. खुर्च्यांची बैठक विणायला बुटक्या स्टुलावर बसून सांगाडा मांड्यांत धरावा लागतो, ते काम तेवढे तूर्त स्थगित आहे. कारखान्यात बुडाविना खुर्च्यांची रांग उभी आहे. असो. योग्य काळी तेही होईल.

आता मुख्य मुद्दा. आपला डावा खुबा झिजला आहे, हे आपल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले. आपण अद्याप तारीख घेतलेली नाही. धाकटी म्हणते, आपण जिना चढताना आता कठड्याशी बोलता. साडूबुवा, भीती कसली? माझ्याकडे पाहा.

आपला,
उन्नत साडू


१५ नोव्हेंबर

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्यासाठी आणि एकदा अर्थासाठी.

भीती कसली ते सांगतो, पण हिला सांगायचं नाही. ताईंनाही नाही, कारण ताईंना सांगणं म्हणजे हिला सांगणंच.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. शिकणारा माणूस चालवतो आणि मी शेजारी बसतो. माझ्या बाजूला जास्तीचा ब्रेक असतो. आमच्या गाडीत तो असा बसवलाय की डावा पायच पटकन पोचतो, आणि वीस वर्षं डाव्या पायालाच ती सवय. माझं सगळं काम म्हणजे तो पाय. बाकी तोंडाने काय, कोणीही सांगेल की आरशात बघा.

मागच्या आठवड्यात दाताच्या एक डॉक्टरीणबाई शिकायला होत्या. हुशार आहेत, हात स्थिर, पण घाबरल्या की पाय दाबतात, आणि नेमका चुकीचा दाबतात. बाजाराच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. बाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं. मी पाय उचलला. म्हणजे, उचलायला सांगितलं. खुब्यात कळ आली आणि पाय जागेवरच राहिला. मग पोचला. पण त्या मधल्या वेळात बंपर त्यांच्या हातातल्या पिशवीला लागला. पिशवी फाटली, टोमॅटो रस्ताभर झाले. माणसाला काही झालं नाही. ते मला ओरडलेसुद्धा नाहीत, खाली बसून टोमॅटो गोळा करायला लागले, आणि मला खाली बसून त्यांना मदत करता येईना.

पिशवी आणि माणूस यांच्यात अंतर किती असतं हो?

त्या दिवसापासून मी फक्त मोकळ्या मैदानात शिकवतो. विद्यार्थी विचारतात, रस्त्यावर कधी नेणार? मी म्हणतो, पाया पक्का झाला की. मैदानावर किती दिवस काढणार? रस्त्यावर न नेता परवाना मिळत नाही, आणि परवाना न मिळवून देणाऱ्या सरांकडे कोण येतं?

तेव्हा शस्त्रक्रिया करायला हवी, हे मला कळतंय. पण मला एकच विचारायचंय. तुम्ही उंच खुर्चीवर बसता, उंच पलंगावर झोपता, हे सगळं वाचलं. माझी गाडी उंच नाही. तिच्यात बसायला माणसाला घडी घालून घ्यावी लागते. तुम्ही ऑपरेशननंतर एखाद्या साध्या, बुटक्या गाडीत बसलात का? बसला नसाल तर एकदा बसून बघा आणि मला कळवा. तुम्हाला जमलं तर मी दुसऱ्या दिवशी तारीख घेतो.

तुमचा,
धाकटा साडू


२ डिसेंबर

श्रीमत् साडूबुवा यांस,

उपाधी मागील पत्राप्रमाणेच समजाव्यात. आज शाई कमी आहे.

टोमॅटोंचे वृत्त वाचून मन हेलावले. आपण मैदानाचा आश्रय घेतलात हे विवेकास धरून झाले. ताईंना मी काहीही सांगितलेले नाही. त्यांनी विचारले, पत्रात काय आहे? मी म्हणालो, क्लचविषयक तात्त्विक चर्चा.

आपल्या आज्ञेनुसार मी करसल्लागारांची मोटार पाहण्यास गेलो. मोटार पांढरी आहे, बुटकी आहे, आणि मालकाच्या मानाने स्वच्छ आहे. मी द्वार उघडले. आसनाचे निरीक्षण केले. आसनाचा उतार मागे आहे, जो माझ्या मते शास्त्रशुद्ध नाही. मांडीस आधार अपुरा पडतो. पाठीचा टेका मात्र वाखाणण्याजोगा. करसल्लागार हातात किल्ली घेऊन बराच वेळ उभे होते. आम्ही आसनव्यवस्थेवर विस्तृत संभाषण केले. तेवढ्यात त्यांना कोणाचा तरी फोन आला.

मोटारीसंबंधी माझा निष्कर्ष असा, की आपण शस्त्रक्रिया करून घ्यावी. धातूचा सांधा हा या शतकाचा चमत्कार आहे. माझ्या खुब्यात कळ म्हणून येत नाही, हे मी शपथेवर सांगतो. पाचसहा दिवसांत मी डॉक्टरबाईंना सहज भेटून येणार आहे. तीन महिन्यांनंतरची जी भेट ठरली होती, ती तक्रारच नसल्यामुळे राहून गेली होती.

कारखान्यात थंडी वाढली आहे. लाकूड चिकटवायचा सरस लवकर घट्ट होतो.

आपला,
ज्येष्ठ साडू


१० डिसेंबर

दादा,

तुमचं पत्र मिळालं. करसल्लागारांच्या सीटचं वर्णन फारच बारकाईचं आहे. तुम्ही गाडीत बसलात असं मी समजतो.

तारीख घेतली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. हिला सगळं सांगितलं, टोमॅटोंसकट. तिसऱ्या दिवशी ती माझी हॉस्पिटलची बॅग भरून मोकळी झाली. अजून महिना आहे म्हटलं तर म्हणाली, बॅग दारात दिसली की तुम्ही पळणार नाही.

एक मागणं आहे. तुमच्या त्या ठोकळ्यांतले चार खुर्च्यांचे मिळून सोळा पाठवता का? तुमच्याकडे आता गरज कमी झाली असेल.

धाकटा साडू


२७ डिसेंबर

साडूबुवा,

आज उपाधी नाहीत. उपाधी लिहायला बसलो होतो. 'सत्यवचनी' या शब्दापाशी लेखणी अडली.

मी मोटारीत बसलो नाही. बसता आले नाही. डावा पाय आत गेला. बूड आसनाकडे निघाले. आणि उजवी मांडी एका ठिकाणी थांबली. दुखले नाही, दुखले असते तर मला कळले तरी असते. कपाटाचा खण आत सारताना मागे काहीतरी पडलेले असावे आणि खण तेथेच थांबावा, तसे ते थांबले. मी जोर केला. करसल्लागार म्हणाले, राहू द्या हो. मी आसनाच्या उतारावर व्याख्यान सुरू केले, ते आपण वाचलेत.

आपणांस हे कळवले नाही, कारण कळवले असते तर आपण तारीख घेतली नसती. आपण माझ्याकडे पाहत होता. मी पाहण्याजोगा राहिलो नव्हतो. ही सबब नव्हे. तशी दिसत असल्यास तशी समजावी.

नंतर डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मला टेबलावर निजवून माझा पाय उचलला. थोडा वर गेला आणि अडला. त्यांनी बाजूला वळवून पाहिला, तिकडेही अडला. त्यांनी विचारले, हे कधीपासून आहे? मी म्हणालो, बाई, हे काही नाही, ही माझी शिस्त आहे. आपणच वाकू नका म्हणाला होता.

त्यांनी पाय हलकेच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते तीन महिन्यांपुरतं होतं. नंतर तुम्ही वाकायला हवं होतं. तुम्ही वाकत नव्हतात, की वाकता येत नव्हतं?"

 साडूबुवा, या सहा महिन्यांत मी वाकण्याचा प्रसंगच येऊ दिला नाही. सगळे घर मी माझ्यापर्यंत वर उचलून घेतले होते. मोज्यांसाठी दांडा होता. जमिनीवर काही पडले तर ताई उचलत. ज्या दिवशी वाकणे संपले, तो दिवस कोणता, हे घरात कोणालाही ठाऊक नाही, मलाही नाही.

एक्स-रे काढला. धातूचा सांधा जागच्या जागी, सुंदर, चकचकीत. पण त्याच्याभोवती, जेथे निव्वळ मांस असायला हवे तेथे, पांढरे काहीतरी पसरलेले. मी ते पाहिले आणि ओळखले. कारखान्यात असे सांधे पाहिलेले आहेत. नवा शिकलेला मनुष्य सरस जास्त लावतो, सांधा आवळला की तो बाहेर सांडतो, आणि पुसायचा राहिला तर वाळून दगड होतो. तसे. बाई म्हणाल्या, ते हाड आहे. शस्त्रक्रियेनंतर काही जणांच्या स्नायूंत हाड तयार होते. बहुतेकांचे थोडे असते आणि त्याचा उपद्रव नसतो. माझे पुष्कळ आहे. शरीराला वाटते की इथे मोडतोड झाली, तर दुरुस्ती करावी. आणि दुरुस्ती कुठे थांबवायची ते त्याला उमगत नाही.

मी विचारले, हे माझ्या खुर्च्यांमुळे झाले का?

"हाड खुर्च्यांमुळे आलं नाही. खुर्च्यांनी ते लपवलं, एवढंच."

उपाय आहे. ते हाड पूर्ण पक्व होईपर्यंत थांबायचे, कारण कोवळे असताना काढले तर पुन्हा उगवण्याची धास्ती अधिक. पक्व झाले की पुन्हा कापून ते काढायचे, आणि पुन्हा उगवू नये म्हणून किरणांचा एक डोस किंवा काही आठवडे गोळ्या. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, पुढच्या पावसाळ्यात केव्हातरी.

मी ती करणार नाही. घर उंच आहे, उंचच राहील. वेदना नाही. खुर्च्यांचे सांगाडे उभ्याने घडवता येतात, बैठका दुसऱ्या कोणाकडून विणून घेईन. पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याने एकाच ठिकाणी दोनदा उघडले जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपण मात्र हे कराच: आपल्या डॉक्टरांना माझी हकीकत सांगा आणि विचारा, की माझ्या अंगात अशी हाडे उगवण्याची शक्यता किती, आणि ती आधीच रोखण्यासाठी मला काय देणार? हा प्रश्न आधी विचारायचा असतो. मी विचारला नव्हता, कारण असा प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हते.

तारीख रद्द करावीशी वाटली तर मी आपणांस दोष देणार नाही.

आपला,
साडू


३ जानेवारी

दादा,

तारीख रद्द नाही.

आणि दुसरं म्हणजे, मला माहीत होतं. तुम्ही गाडीच्या दारात अडकलात तेव्हा ताई वर गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्याच संध्याकाळी हिला त्यांचा फोन आला. म्हणजे तुमचं ते सीटच्या उताराचं पत्र यायच्या आधी. मी ते पत्र हिला वाचून दाखवलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती नुसतीच रडली.

तारीख मी ते कळल्यावर घेतली. तुमचा खुबा चांगला आहे म्हणून नाही. त्या म्हाताऱ्यांची पिशवी मला रोज दिसते म्हणून. तुमचा पाय वाकला नाही तर ताईंना चार गोष्टी उचलाव्या लागतात. माझा पाय वेळेवर पोचला नाही तर काय होईल ते मी लिहीत नाही. मग मी बसलो तुमच्या पुढच्या पत्राची वाट बघत. म्हटलं, बघू दादा सांगतात का. तुम्ही सांगितलंत. विषय संपला.

तुमचा प्रश्न डॉक्टरांना विचारला. त्यांनी माझा जुना फोटो पुन्हा बघितला. माझ्या सांध्याच्या कडेला आधीच हाडाचे कोंब फुटलेत म्हणे, अशांना जास्त शक्यता. म्हणाले, बरं झालं विचारलंत. शस्त्रक्रियेनंतर लगेच गोळ्या सुरू करणार, काही आठवडे. पोट सांभाळायचं, मधेच बंद करायच्या नाहीत. हिने गोळ्यांचा ताबा आत्ताच घेतलाय, गोळ्या अजून यायच्या आहेत.

आता तुमचं. पन्नाशी वगैरे मला सांगू नका. मीही पन्नाशीतच आहे आणि बॅग दारात आहे. तुमच्या कारखान्यात बुडाविना खुर्च्यांची रांग आहे. दुसऱ्याकडून बैठका विणून घेणार म्हणे. ताईंनी हिला सांगितलं की गेल्या महिन्यात एका माणसाला नमुन्याला बोलावलंत, त्याने अर्धी बैठक विणली, आणि तो गेल्यावर तुम्ही ती उसवलीत. उभ्याने.

आणि ताईंचं काय? त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत हा तुम्हाला विनोद वाटतो. त्यांना रोज स्वतःच्या पलंगावर उडी मारून चढावं लागतं. त्या हसत नाहीत, दादा.

तुम्ही मला लिहिलं होतंत, माझ्याकडे पाहा. ठीक आहे. मी पाहिलं. आता तुम्ही माझ्याकडे पाहा. माझं नीट झालं तर तुम्ही करायचं. ठरलं असं समजतो, आणि या वेळी खरंच समजतो.

ठोकळे पाठवा.

धाकटा साडू


११ जानेवारी

द्वितीयब्रेकधुरंधर यांस,

आपले पत्र मी ताईंसमोर उघडले, ही चूक झाली. त्यांनी ते वाचले, खुर्चीवरून खाली उडी मारली, आणि मग जे काय बोलल्या ते जमिनीवर पाय रोवून बोलल्या. वजन परत आलेले आहे.

सोळा ठोकळे पेटीत भरून पाठवत आहे. आम्ही पलंगाचे ठेवले आहेत, खुर्च्यांचे आपणांस; मी तोवर उभ्याने जेवीन. खोबणीत पाय नीट बसल्याशिवाय कोणी बसू नये. सगळे एकाच फळीतून कापलेले आहेत, एकमेकांशी जुळतात. त्यांत दुसरे लाकूड मिसळू नये. वापर झाल्यावर सोळाच्या सोळा परत यावेत. ताई म्हणतात, ही अट यावेळी शोभत नाही. अट कायम आहे.

आपल्या पत्रातील शेवटच्या ठरावावर मी अद्याप सही केलेली नाही. तथापि मी आपल्याकडे पाहीन.

यशस्वी व्हा. आणि वाकण्याची परवानगी मिळाली, की त्याच दिवशी वाका.

ज्येष्ठ साडू


२२ मार्च

दादा,

मागच्या आठवड्यात गाडीत बसलो.

फिजिओबाई सोबत होत्या. आधी पाठ सीटकडे, मग बूड, मग दोन्ही पाय एकदम आत, असं शिकवलं. घडी पडली. कुठे अडलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, सांध्याच्या बाजूला एक पुसटशी रेघ आहे, म्हणाले इतकी चालते, हिच्यावर लक्ष ठेवू. गोळ्या पूर्ण घेतल्या. पोटाने बरेच निषेध केले, पण हिच्यापुढे पोटाचं काय चालतंय.

त्या दाताच्या डॉक्टरीणबाई परत आल्यात. म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोणाकडे शिकणार नाही, बाकीचे सर ओरडतात. पुढच्या महिन्यात परवानगी मिळाली की त्यांना रस्त्यावर नेणार. त्याच वळणावरून. मैदानात दोनदा मी मुद्दाम जोरात ब्रेक दाबून बघितला. पाय सांगितल्याबरोबर गेला.

ठोकळे परत पाठवतो आहे, हिने पेटी भरली आहे. फार उपयोग झाला. आमच्या बिल्डिंगसमोर उतार आहे ना, गाडी लावताना चाकामागे ठेवायला दगड शोधत फिरायला लागायचं. तेही हल्ली लागत नाही.

आता तुमची पाळी. ताईंनी सांगितलंय की तुम्ही डॉक्टरबाईंकडे गेला होतात. तुम्ही सांगाल तेव्हा मला कळलं असं समजेन.

धाकटा साडू


१९ ऑक्टोबर

श्रीमत् सकलशिकाऊजनभयहारक, द्वितीयब्रेकधुरंधर, चतुष्पथचक्रवर्ती, पुनःप्राप्तपाद, तथा ठोकळाप्रकरणातील प्रथम संशयित, साडूबुवा यांस, आसनशिल्पाचार्य ज्येष्ठ साडू यांचा कमरेत रीतसर वाकून नमस्कार.

आपण गेल्या रविवारी सपत्नीक येऊन गेलात, त्यामुळे या पत्रातील पुष्कळ भाग आपणांस ठाऊक आहे. परंतु जे घडले त्याची नोंद लेखी राहावी, म्हणून लिहितो.

ऑगस्टमध्ये ते हाड काढले. डॉक्टरबाईंनी ते मला बाटलीत दाखवले. मी म्हणालो, घरी नेतो, याचा खुंटा होईल. त्या नको म्हणाल्या. त्यानंतर किरणांचा एक डोस झाला. पहिल्या दिवसापासून व्यायाम. या वेळी मी शिस्तीचा अर्थ फिजिओकडून लेखी घेतला. खुर्च्यांखाली ठोकळे पुन्हा बसवले, पण नवे धोरण असे, की पाय जितका वाकू लागेल, तितका प्रत्येक ठोकळा रंध्याने तासायचा. दर आठवड्याला घर किंचित खाली येते. ताईंचे अंगठे टेकू लागले आहेत. टाचा लवकरच.

मागल्या बुधवारी मी बुटक्या स्टुलावर बसलो. सांगाडा मांड्यांत धरला आणि वेताच्या चार ओळी विणल्या. पाचव्या ओळीला खुब्याने तक्रार केली. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी पाच विणल्या. रांगेतील पहिल्या खुर्चीला आता बूड आहे. विणकामात एका ठिकाणी चूक आहे. ती उसवणार नाही.

आता मूळ विषय. सोळा ठोकळे गेले, पंधरा परत आले. मी मार्चमध्येच हे पाहिले होते, पण आपण रुग्ण होता म्हणून मौन पाळले. सोळाव्याच्या जागी मी दुसऱ्या लाकडाचा एक कापून बसवला. ते लाकूड नरम आहे. बाकीचे तीन पाय एक उंचीचे राहतात, चौथा दबतो. खुर्ची करकरते आणि डुगडुगते. ती ताईंची खुर्ची आहे.

रविवारी आपण निघालात, तेव्हा आम्ही दोघे खाली आलो. आपली गाडी आमच्या दारासमोरच्या उतारावर होती. मागच्या चाकाखाली मला सागाचा काहीतरी तुकडा दिसला. उभ्याने नीट दिसेना. तेव्हा मी वाकलो. कठडा धरला नाही, दांडा नव्हता. कमरेतून, मग गुडघ्यांतून, आणि चक्क उकिडवा बसून चाकाखाली पाहिले. माथ्यावर खोबण, बुडाशी माझी खूण.

तेवढ्यात ताईंनी माझा दंड धरला. मला वाटले, मी पडेन म्हणून धरला. वर पाहिले तर त्या रडत होत्या आणि धाकटीला म्हणत होत्या, "अगं बघ, खाली बसलेत."

धाकटीही रडू लागली. आपण गाडीतून उतरून आलात आणि माझ्याकडे पाहिलेत. मी बसूनच होतो. उठायची घाई नव्हती. मग आपण मला हात दिलात. मी उठलो. सर्वांनी डोळे पुसले. या भावनिक गोंधळाचा फायदा घेऊन आपण तो ठोकळा चाकाखालून काढलात, डिकीत टाकलात, आणि गाडी घेऊन निघून गेलात.

मी काल धाकटीकरवी विचारणा केली. आपले उत्तर आले, की तो साधा लाकडाचा तुकडा आहे, आणि तशा खोबणीचे लाकूड कोठेही मिळते. कोठेही मिळत नाही. ती खोबण मी पटाशीने केलेली आहे.

तो ठोकळा आता इतरांपेक्षा उंच आहे, कारण इतर तासले गेले आणि तो आपल्या चाकाखाली निवांत राहिला. तरी तो पाठवावा; मी तासून घेईन. तोवर खुर्ची डुगडुगतेच आहे. मी तिच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला होता, तो आज सकाळी पुन्हा निसटला.

आपला,
ज्येष्ठ साडू